जुनी पॉइंट टू-टू रायफल स्वस्तात मिळते आहे: घ्यावी की सोडावी?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. इचलकरंजीजवळच्या एका शेतकरी गृहस्थांची सतरा वर्षांची मुलगी काही वर्षे १० मीटर एअर रायफल खेळते आहे आणि तिच्या प्रशिक्षकांनी तिला आता ५० मीटर रायफल प्रकाराकडे वळायला सुचवले आहे. गृहस्थांच्या नावावर शेतीसंरक्षणासाठी घेतलेल्या बारा बोअर बंदुकीचा परवाना आहे. ओळखीच्या एका कुटुंबातले आजोबा वारले, त्यांची झेकोस्लोव्हाकियात बनलेली ब्रनो मॉडेल २ ही पॉइंट टू-टू (म्हणजे ०.२२ इंच बोअरची) रायफल बरीच वर्षे एका शस्त्र विक्रेत्याकडे जमा आहे, आणि वारस ती बाजारात सांगितल्या जाणाऱ्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी रकमेला द्यायला तयार आहेत. नळी चकचकीत आहे, असे विक्रेता सांगतो. घ्यावी का?

माझे मत आधी सांगतो आणि मग कारणे देतो. ही रायफल रायफल म्हणून घेण्याजोगी निघण्याची शक्यता चांगली आहे. परंतु मुलीच्या ५० मीटरच्या स्पर्धेसाठी ती घेत असाल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. स्वस्त रायफलीच्या व्यवहारात होणारी बहुतेक फसगत विक्रेत्याच्या लबाडीमुळे होत नाही, तर खरेदीदाराने हे दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे होते.

प्रथम किमतीविषयी. पॉइंट टू-टूच्या बाबतीत किंमत पाहून वस्तूची स्थिती ओळखता येत नाही, आणि आपल्याकडे तर मुळीच नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींना परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद झाली, त्यामुळे त्याआधी देशात आलेल्या ब्रनो, वॉल्थर, अन्शुट्झ, बीएसए यांची किंमत त्यांच्या दुर्मिळतेवर ठरत आली आहे. खराब चेंबरची (चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) ब्रनो महाग विकली जाते आणि उत्तम चेंबरची ब्रनो, वारसांना कटकट नको म्हणून, स्वस्तात निघते. म्हणून स्वस्त रायफल समोर आली की ‘इतकी स्वस्त का?’ हा प्रश्न विचारावा आणि त्याचे नेमके उत्तर मिळेपर्यंत पैसे काढू नयेत. वारसांपैकी कोणाकडेच परवाना नाही, विक्रेत्याकडे ठेवणावळ चढते आहे आणि मुदत संपत आली आहे, हे स्वस्त असण्याचे चांगले कारण आहे. ‘कधी कधी पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचे रिकामे कवच) अडकते, बाकी काही नाही’ हे वाईट कारण आहे, आणि ते का वाईट आहे ते पुढे सविस्तर लिहितो.

रायफल पाहायला जाण्याआधी कागद पाहावेत. परवानाधारक वारला की त्याचे शस्त्र वारसांना घरात ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. जमा केलेले शस्त्र परत घेण्यासाठी किंवा कायदेशीर हक्क असलेल्या माणसाला विकण्यासाठी वारसांना ठरावीक मुदत मिळते, आणि तेवढ्यात काही झाले नाही तर जिल्हा दंडाधिकारी ते सरकारजमा करण्याचा आदेश देऊ शकतात. ‘बरीच वर्षे जमा आहे’ हे शब्द ऐकले की मी पहिला प्रश्न हाच विचारतो की ती मुदत संपली आहे का, आणि संपली असेल तर ती वाढवून मिळाल्याचा कागद आहे का. जमा केल्याची पावती, मृत परवानाधारकाचा मूळ परवाना, वारसदारांची लेखी संमती आणि रायफलीवर कोरलेला क्रमांक, या चारही गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. क्रमांकातला एखादा आकडा परवान्यावर चुकीचा नोंदवला गेला असेल, तर तो परवाना कार्यालयातून आधी दुरुस्त करून घ्यावा. ‘नंतर बघू’ म्हणून पुढे ढकललेली ही चूक नूतनीकरणाच्या वेळी खरेदीदाराच्याच गळ्यात पडते. ब्रनोवर चेक प्रूफ शिक्क्यापाशी (नळीची अधिकृत चाचणी झाल्याच्या खुणेपाशी) वर्षाचे शेवटचे दोन आकडे सहसा असतात, तेही परवान्यातल्या खरेदीच्या नोंदीशी ताडून पाहावेत. रायफल खरेदीनंतर बनल्याचे दिसले तर कुठेतरी गोंधळ आहे हे नक्की.

व्यवहार एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे होणार असेल, तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला विक्रीचा इरादा आणि खरेदीदाराचे नाव-पत्ता लेखी कळवून किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. ही कटकट वाटते, पण याच ४५ दिवसांत शांतपणे तपासणी होऊ शकते, म्हणून मी तिला खरेदीदाराच्या फायद्याची मानतो.

आता या गृहस्थांच्या बाबतीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बारा बोअरचा परवाना असला म्हणून पॉइंट टू-टू रायफल आपोआप घेता येत नाही. दुसऱ्या शस्त्रासाठी स्वतंत्र अर्ज करून परवान्यावर नोंद करून घ्यावी लागते, आणि शेतीसंरक्षणासाठी दिलेल्या परवान्यावर नेमबाजीच्या उद्देशाची रायफल चढवताना कार्यालय प्रश्न विचारणारच. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. म्हणजे यांच्याकडे एकच जागा शिल्लक आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याने लक्ष्यवेधाच्या सरावासाठी वापरायच्या पॉइंट टू-टूला या मर्यादेतून कलम ३ मध्येच सूट आहे, आणि नोंदणीकृत नेमबाजांसाठी आणखी सवलती आहेत. परंतु त्या आपल्याला लागू होतात की नाही हे क्लबच्या सदस्यत्वावर आणि परवान्याच्या प्रकारावर ठरते, त्यामुळे ते परवाना शाखेतून लेखी विचारून घ्यावे. सूट लागू होत नसेल तर ती शिल्लक जागा या स्वस्त रायफलीपेक्षा कितीतरी मोलाची आहे. ती हौसेच्या रायफलीवर खर्च केली आणि दोन वर्षांनी मुलीसाठी खरी मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेसाठीच बनवलेली, चालून आली, तर आधीची काढायला पुन्हा अर्ज, पुन्हा नोटीस, पुन्हा ४५ दिवस.

मुलीच्या वयाचीही बाब आहे. परवाना व्यक्तीच्या नावाने असतो. वडिलांच्या परवान्यावरची रायफल मुलीने खांद्याला लावून क्लबात जाणे कायद्यात बसत नाही. २१ वर्षांखालील व्यक्तीला सर्वसाधारण परवाना मिळत नाही, मात्र प्रशिक्षणासाठी शस्त्र हाताळण्याची सोय कायद्यात आहे आणि शस्त्र नियम २०१६ मध्ये कनिष्ठ नेमबाजांसाठी वेगळी तरतूद आहे. त्या वाटेने जायचे असेल तर अर्ज तिच्या नावाने, क्लबच्या शिफारशीसह करावा.

कागद स्वच्छ निघाले असे धरून आता रायफलीकडे वळू.

पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतुसाची गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची, मऊ शिशाची असते. तिचा वेग साधारण प्रकारच्या काडतुसात सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास असतो आणि दारू चिमूटभर असते. असले शिसे पोलादी नळीला झिजवत नाही. नीट राखलेली नळी हजारो गोळ्या झाडूनही अचूक राहते. क्लबच्या रायफलींच्या नळ्या तर त्याच्या कित्येक पट गोळ्या सोसतात. म्हणून ‘आजोबा फारशी चालवत नव्हते’ हे वाक्य मला आश्वासक वाटत नाही, उलट सावध करते. न चालवलेली रायफल म्हणजे बहुधा न पुसलेली रायफल. कोल्हापूर, सातारा, कोकण या पट्ट्यातल्या पावसाळ्यात कातडी किंवा फोमच्या पेटीत बंद राहिलेली, प्रत्येक निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा होऊन तशीच परत आलेली रायफल आतून गंजते, आणि तिचे लाकूड बाहेरून लखलखीतच राहते. पॉइंट टू-टूला मारतात त्या गोष्टी तीनच: गंज, चुकीची साफसफाई आणि रिकामी चापओढ, म्हणजे काडतूस न घालता चाप ओढणे. दुसऱ्या महायुद्धाआधीची रायफल असेल तर त्यात चौथी भर पडते. त्या काळातल्या काही काडतुसांच्या टोपी-मिश्रणातले (काडतूस पेटवणाऱ्या मिश्रणातले) क्षार नळीत राहून ओल धरत, आणि मग तिथे खड्डे पडत.

तपासणीची सुरुवात नळी पुसून करावी. विक्रेत्याने दाखवलेला चकचकीतपणा बहुतेक वेळा तेलाचा असतो. तेल दृष्टीला फसवते. ओल्या नळीत उथळ खड्डे भरून निघतात आणि प्रकाश एकसारखा परावर्तित होतो. विनंती करून नळीतून कोरड्या कापडाच्या दोन-तीन चिंध्या जाऊ द्याव्यात आणि मग बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून छोट्या बॅटरीच्या प्रकाशात, चेंबरकडून आणि तोंडाकडून अशा दोन्ही बाजूंनी, पाहावे. मळलेली नळी दोषी नसते. शिशाचा राखाडी थर आणि मेणाचा काळपट लेप ब्रशने निघतो. पुसल्यावरही जागच्या जागी राहिलेले काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. नळीच्या मधल्या भागात थोडे विखुरलेले खड्डे असले तर रायफल अजूनही समाधानकारक मारा करू शकते, फक्त शिसे लवकर धरते आणि वरचेवर साफ करावी लागते. तेच खड्डे चेंबरमध्ये किंवा तोंडाजवळच्या शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये असतील तर मी पुढे बोलणी करत नाही.

चिंधी आत ढकलताना हाताला काय जाणवते त्याकडेही लक्ष द्यावे. घट्ट बसलेली चिंधी सगळीकडे सारख्याच जोराने सरकली पाहिजे. मध्येच ती एकदम सैल होऊन पुन्हा घट्ट झाली, आणि त्याच जागी प्रकाशात काळी वर्तुळाकार सावली दिसली, तर तिथे नळी फुगलेली आहे: कधीतरी एक गोळी आत अडकली आणि तिच्या मागून दुसरी झाडली गेली. बाहेरून बोट फिरवले तर ती फुगवटी कधी जाणवते, कधी नाही. अशी नळी दुरुस्त होत नाही.

आता चेंबर, कारण स्वस्त पॉइंट टू-टूचा निकाल बहुधा इथेच लागतो. या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी टोपी नसते. पेट घेणारे मिश्रण बुडाच्या पोकळ कडेत पसरलेले असते, आणि फायरिंग पिन (चाप ओढल्यावर काडतुसावर आदळणारी बोल्टमधली सुई) ती कड चेंबरच्या ओठावर चेपते तेव्हा बार होतो. चेंबर रिकामे ठेवून चाप ओढला तर काही रायफलींत पिन थेट त्या ओठावर आदळते. घरातल्या मुलांनी, पाहुण्यांनी, हौशी मित्रांनी वर्षानुवर्षे ‘कट’ आवाज ऐकण्यासाठी केलेली ही चापओढ चेंबरच्या ओठावर एक बारीक खड्डा पाडते आणि तिथले पोलाद आतल्या बाजूला दबते, जसा तांब्याच्या हंड्याच्या काठाला पोचा आला की काठ आत वळतो. परिणाम दोन होतात. आत दबलेला तो कंगोरा पुंगळीला ओरखडतो आणि ती बाहेर निघायला अडते. आणि त्या जागी कडेला पुढून आधार उरत नसल्याने पिनचा फटका बोथट होऊन काडतूस कधी पेटते, कधी पेटत नाही. ‘कधी कधी पुंगळी अडकते’ या वाक्याचा अर्थ बहुधा हा असतो.

दिलासा असा की हा दोष दुरुस्त होतो. चेंबरच्या मापाची कडक पोलादी खुंटी आत घालून दबलेले पोलाद पुन्हा मूळ जागी रेटतात. जाणत्या, परवानाधारक कारागिराला हे काम अवघड नाही. कानस किंवा ड्रिल घेऊन तो कंगोरा ‘काढून’ देणारा कारागीर मात्र टाळावा, कारण काढलेले पोलाद परत येत नाही आणि आधार कायमचा जातो. पाहताना बॅटरी तिरकी धरावी आणि चेंबरच्या ओठावर, पिन जिथे पडते त्या जागी, भिंग लावावे. एका लाकडी काडीचे टोक चेंबरच्या कडेने आतून फिरवले तरी कंगोरा तिला अडतो.

दुसरा दोष तितकासा माहीत नसतो. पॉइंट टू-टू शॉर्ट हे आखूड काडतूस लाँग रायफलच्या चेंबरमध्ये बसते आणि चालते. स्वस्त पडते म्हणून जुन्या मालकाने ते खूप वापरले असेल, तर आखूड पुंगळीच्या तोंडापुढे चेंबरच्या भिंतीवर जळाल्याचे कडे पडते. पुढे लांब काडतूस झाडले की त्याची पुंगळी त्या कड्यात फुगून बसते आणि एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारी आकडी) तिला सोडवताना कड फाडतो. हे कडे रेटून बसवता येत नाही. अशी रायफल घेऊ नये.

या सगळ्यावर सर्वांत प्रामाणिक साक्ष देते ती त्याच रायफलीतून नुकतीच झाडलेली पुंगळी, म्हणून चाचणीच्या वेळी पाच-सहा पुंगळ्या उचलून घ्याव्यात आणि उजेडात एकेक फिरवून पाहावी. कडेवरची पिनची खूण स्वच्छ, खोल आणि प्रत्येक पुंगळीवर सारखी असावी. एका पुंगळीवर खोल आणि दुसरीवर उथळ खूण दिसली तर बोल्टमधले तेल घट्ट झालेले आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. घरात मिळेल ते तेल, कधी खोबरेलसुद्धा, बोल्टमध्ये घालण्याची आपल्याकडे सवय आहे आणि ते काही वर्षांत डिंकासारखे धरते. बोल्ट उघडून धुतला की बहुतेक वेळा हा दोष जातो. पुंगळीच्या अंगावर लांबीने एकच ओरखडा असेल तर चेंबरच्या ओठावर कंगोरा आहे. तोंडाजवळ आडवे फुगलेले कडे दिसले तर शॉर्ट काडतुसांचा इतिहास आहे. बारीक पुरळासारखे उठाव म्हणजे चेंबरच्या भिंतीवर गंजाचे खड्डे. आणि कड कुठेही फुगलेली किंवा चिरलेली असेल, तर बोल्ट आणि नळी यांच्यातले अंतर वाढलेले आहे. त्या काडतुसाच्या कडेची जाडी जेमतेम एक मिलिमीटर असते, त्यामुळे इथे थोडीशी ढिलाईही पुरते. हे लक्षण दिसले की चाचणी तिथेच थांबवावी, कारण फुटलेल्या कडेतून वायू मागे, नेमबाजाच्या डोळ्यांच्या दिशेने येतो. चाचणीला डोळ्यांवर गॉगल आणि कानांवर संरक्षण न लावता कोणी बसू नये, हे सांगायची गरज पडू नये. पण पॉइंट टू-टूला ‘लहान’ समजण्याची सवय इतकी घट्ट आहे की सांगावे लागते.

नळीचे तोंड हे दुसरे मर्मस्थान. गोळी नळी सोडते त्या क्षणी तिच्या मागचा वायू चारही बाजूंनी सारखा सुटला पाहिजे, आणि तोंडाच्या कडेला एका बाजूने दबल्याची खूण असली तर तो एका बाजूने आधी सुटून गोळीला ढकलतो. रायफल जमिनीवर तोंड टेकवून ठेवल्याने, गाडीच्या दारावर आपटल्याने हे होते. पण त्याहून नेहमीचे कारण साफसफाईचे आहे. लोखंडी सळई तोंडाकडून आत-बाहेर घासत राहिली, किंवा पुल-थ्रूची (नळीतून चिंधी ओढून काढायची) दोरी नेहमी एकाच बाजूला ओढली गेली, तर तोंडाशी रायफलिंगचे, म्हणजे नळीतल्या पेचदार खाचांमधले, उंचवटे एका बाजूने झिजतात. एनसीसीत ज्यांनी रायफल साफ केली आहे त्यांना ती दोरी आठवत असेल. सरळ ओढा, असे उस्ताद ओरडत असत ते याचसाठी. कान साफ करायची कापसाची काडी तोंडाच्या आतल्या कडेवरून हलके फिरवून बाहेर काढावी. कापसाचा तंतू जिथे अडकेल तिथे कड उठलेली आहे. दहा-पंधरा गोळ्या झाडल्यावर तोंडाच्या चेहऱ्यावर शिसे आणि मेण यांचे तारकेसारखे चिन्ह उमटते. ते सर्व बाजूंनी सारखे असेल तर कड निरोगी. एका बाजूची पाकळी लांब आणि दुसरी आखूड असेल तर मी ती रायफल तोंड पुन्हा कातून घेण्याचा खर्च धरूनच मोजतो. हा खर्च फार नसतो, पण काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे, कारण नळीच्या लांबीत हात घालण्याला कायद्याने मर्यादा आहेत.

बाकीच्या गोष्टी लवकर आटोपतात. रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करून, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, बोल्ट चढवावा आणि दस्त्याच्या तळाला तळहाताने दोन-तीन चापट्या माराव्यात, मग बोल्ट जरा जोराने पुढे ढकलून बंद करावा. यापैकी कशानेही पिन सुटली तर चापाची पकड झिजलेली आहे किंवा कोणीतरी चाप ‘हलका’ करून दिला आहे, आणि अशी रायफल मी घरातही येऊ देणार नाही. सुरक्षा-खटका लावून चाप ओढावा, सोडावा, मग खटका काढावा. खटका काढताना पिन सुटता कामा नये. मनगटाच्या जागी दस्त्याला चीर आहे का पाहावे. मॅगझिन मूळचे आहे का, त्याचे ओठ वाकलेले आहेत का, काडतुसे सरळ वर चढतात का, हे पाहावे. मॅगझिन नसलेली ब्रनो स्वस्त असतेच, पण सुटे भागही कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत येतात, त्यामुळे परदेशातल्या भाच्याला सांगून ते पाकिटातून मागवण्याचा विचार मनातही आणू नये.

अमेरिकेतल्या सल्ल्यांवर विसंबून ‘नळी खराब निघाली तर नवी बसवू’ असे काही जण म्हणतात. तिथे जुन्या पॉइंट टू-टूच्या नळीत नवे अस्तर बसवून देणारे कारागीर आणि सुटे भाग विकणारी दुकाने सहज सापडतात. आपल्याकडे ती सोय व्यवहारात नाही. इथे जुन्या परदेशी रायफलीची नळी आणि चेंबर जसे आहेत तसेच कायमचे आहेत, असे धरून चालावे, आणि म्हणूनच मी या दोन भागांवर इतका वेळ घालवतो.

अचूकतेची चाचणी क्लबच्या रेंजवर, क्लबच्या परवानगीने आणि कायदेशीर ताबा असलेल्या विक्रेत्याच्या उपस्थितीत व्हावी. वाळूच्या पिशवीवर टेकवून, ५० मीटरवर, पाच-पाच गोळ्यांचे पाच गट, आणि शक्यतो दोन वेगवेगळ्या प्रकारची काडतुसे. पॉइंट टू-टूची प्रत्येक नळी स्वतःची आवड ठेवून असते. एका काडतुसावर पसरणारी रायफल दुसऱ्यावर घट्ट गट देते, त्यामुळे एकाच खोक्यावरून निकाल देऊ नये. एखादा उत्तम गट पाहून हुरळू नये, पाचही गटांची सरासरी पाहावी. साध्या साइटवर, चांगल्या अवस्थेतल्या ब्रनोने २५ मिलिमीटरच्या आसपास गट दिले (म्हणजे एका गटातल्या सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधले अंतर तेवढे भरले) तर मी समाधान मानतो. त्याच्या दुप्पट पसारा असेल आणि काडतूस बदलूनही आवरत नसेल, तर दस्त्याचे स्क्रू घट्ट करून एकदा पुन्हा पाहावे आणि मग सोडून द्यावे.

हाच आकडा मुलीच्या प्रश्नाचे उत्तरही देतो. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि नऊच्या वर्तुळाचा २६.४ मिलिमीटर. म्हणजे टेकवून, कसलीही थरथर नसताना, २५ मिलिमीटरचा गट देणारी रायफल नेमबाजाने काहीही चूक न करता नऊ देऊ शकते. निलींग (गुडघ्यावर), प्रोन (पालथे झोपून) आणि स्टँडिंग (उभे राहून) या तिन्ही स्थितींत स्पर्धा करणाऱ्या मुलीला आपली चूक कोणती आणि रायफलीची कोणती हे कळणारच नाही, आणि शिकण्याच्या वयात याहून मोठे नुकसान नाही. शिवाय ब्रनो मॉडेल २ ही शिकारीच्या वळणाची तीनेक किलोची रायफल आहे. तिला गालाचा टेकू वर-खाली होत नाही, बट लांब-आखूड होत नाही, हाताचा पट्टा सरकवायला पट्टी नाही आणि मागे बारीक छिद्राची साइट नाही. एअर रायफलवर जे शरीर तिने मोजून बसवले आहे, ते इथे मोडावे लागेल.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुलीच्या मनात ५० मीटरची ओढ असणे मला अगदी स्वाभाविक वाटते. याच प्रकारात तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत प्रोनचे सुवर्ण आणले आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला तीन स्थितींचे ऑलिम्पिक कांस्य. ही ओढ जपायची असेल तर सुरुवात क्लबच्या मॅच रायफलीवर करावी, ती कितीही जुनी असो. अन्शुट्झच्या ५४ अ‍ॅक्शनवरची (५४ क्रमांकाच्या बोल्ट-यंत्रणेवरची) १४१३ किंवा १८१३ मालिकेतली रायफल चाळीस-पन्नास वर्षांची असली तरी आजही राज्य पातळीवर पुरून उरते. पुढे स्वतःची घ्यायची वेळ आली की अशीच वापरलेली मॅच रायफल शोधावी आणि वर लिहिलेली सगळी तपासणी तिच्यावर करावी. जर्मन रायफलीवर उल्मच्या प्रूफ हाउसचा हरणाच्या शिंगाचा शिक्का असतो आणि शेजारी वर्षाची दोन अक्षरे; ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक, असे मोजत जायचे आणि ‘जे’ (J) हे अक्षर गाळायचे. ‘एच आय’ दिसले तर ती १९७८ ची. वय ऐकून घाबरू नये, चेंबर पाहावे. त्या किमतीत आणि ब्रनोच्या किमतीत मोठी तफावत असेल, हे मला ठाऊक आहे. परंतु या खेळात रायफलीपेक्षा काडतुसांवर जास्त खर्च होतो, आणि चांगली काडतुसे वाईट रायफलीतून झाडणे हा सर्वांत महाग पर्याय आहे.

मग ब्रनोचे काय? गृहस्थांना स्वतःला क्लबमध्ये रविवारी लक्ष्यावर गोळ्या झाडायची हौस असेल, क्लबचे सदस्यत्व असेल, परवाना शाखेने शस्त्रसंख्येच्या मर्यादेबाबत लेखी अनुकूल उत्तर दिले असेल, आणि चेंबर व तोंड वर सांगितल्याप्रमाणे निघाले, तर निम्म्या किमतीत ती अवश्य घ्यावी. सुबक, साधी आणि नीट राखली तर नातवंडांपर्यंत टिकणारी रायफल आहे. चेंबरच्या ओठावर चापओढीचा खड्डा निघाला तर कारागिराचा खर्च आधी विचारून तो किमतीतून वजा करावा. शॉर्टचे कडे, फुगवटी, चेंबरमधले खड्डे किंवा चिरलेली कड निघाली तर नम्रपणे नकार द्यावा आणि कारण वारसांनाही सांगावे, म्हणजे पुढचा खरेदीदार अंधारात राहणार नाही. पहिले काम आजच करता येईल: विक्रेत्याला फोन करून जमा केल्याच्या पावतीवरची तारीख विचारा, आणि ती सांगायला तो टाळाटाळ करत असेल तर रायफल पाहायला जाऊच नका.